वखार, धक्का आणि वाहून गेलेली नदी

मराठीतला 'धक्का' हा शब्द मोठा मार्मिक आहे. मुंबईला भाऊचा धक्का आहे; तेथे गलबते लागत. आमच्या गोंदिया-तुमसरकडे रेल्वेचा मालधक्का असतो. तेथे मालगाडीचे डबे लागतात. एकीकडे खारे पाणी, दुसरीकडे लोखंडी रूळ. तरी लोकांनी दोहोंना नाव एकच दिले. व्युत्पत्तीच्या वादात पडण्याची माझी योग्यता नाही. पण लोकांनी काय ओळखले हे समजायला विद्वत्ता लागत नाही. जेथे ओझे एका वाहनाच्या पाठीवरून उतरून दुसऱ्याच्या पाठीवर चढते, तो धक्का. आणि या उतरण्या-चढण्याच्या मधे ओझ्याला जेथे थांबावे लागते, ती वखार.

वखार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इतिहासाच्या पुस्तकातली राजापूरची इंग्रजांची वखार उभी राहते. शिवाजीमहाराजांनी १६६१ मध्ये राजापूर घेतले आणि इंग्रज व्यापाऱ्यांना कैद करून गडावर धाडले, एवढे आपण शाळेत शिकतो. पन्हाळ्याच्या वेढ्यात शत्रूला तोफांची मदत केल्याचे ते प्रायश्चित्त होते. पण ती वखार राजापुरासच का होती, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. उत्तर सोपे आहे. घाटावरून बैलांच्या पाठीवर उतरलेला माल तेथे खाडीच्या पाण्याला भेटत होता. बैलाची वाट संपत होती आणि गलबताची सुरू होत होती. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते गावापर्यंत येईनाशी झाली, आणि राजापूर बंदर हे नाव इतिहासात राहिले. वखारीचे आयुष्य तिच्या भिंतींवर अवलंबून नसते; वाट कोठे तुटते यावर अवलंबून असते. एवढे एक सूत्र हाती धरून मी वाचकांना आमच्या झाडीपट्टीत घेऊन येणार आहे.

नागझिऱ्याचे जंगल आज वाघांसाठी प्रसिद्ध आहे. १९७० मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. या जंगलाला धरून गायखुरीच्या डोंगररांगा आहेत. त्यांतून चुलबंद निघते आणि वैनगंगेला मिळते. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून आमच्याकडे येते, भंडारा-पवनीला वळसे घेत दक्षिणेला उतरते, वर्धेला भेटते, आणि पुढे प्राणहिता हे नाव घेऊन सिरोंच्याजवळ गोदावरीत मिसळते. म्हणजे नागझिऱ्यात पडलेला पावसाचा थेंब, मधे कोणी अडवला नाही तर, राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागराला जातो. भूगोलाच्या तासाला नकाशावर छडी फिरवताना मुले हटकून विचारतात, "गुरुजी, मग नावेत बसून समुद्रावर जाता येईल का?"

मुलांचा हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी अगदी गंभीरपणे विचारला गेला होता. आणि विचारणारा सामान्य माणूस नव्हता. सर आर्थर कॉटन हे ते नाव. धवळेश्वरमचा गोदावरीवरील बंधारा १८४७ ते १८५२ या काळात त्याने बांधला आणि दुष्काळाने होरपळलेल्या मुलखाला भाताचे कोठार केले. आंध्रात आजही त्याचे पुतळे आहेत. या माणसाचा ठाम विश्वास होता की हिंदुस्थानला आगगाडीपेक्षा पाणी अधिक उपयोगी आहे. कालव्यातून शेत भिजेल आणि नावही चालेल. गोदावरी, प्राणहिता, वैनगंगा, वर्धा अशी वाट खुली केली तर हिंगणघाटचा कापूस आणि नागपूर प्रांताचे धान्य पाण्यावरून पूर्व किनाऱ्याला उतरेल, आणि समुद्राचे मीठ त्याच नावांतून वर येईल, असा त्याचा हिशोब होता. लेफ्टनंट हेग या अधिकाऱ्याने नदीची पाहणी करून तिच्या बाजूने कौल दिला.

काळही अनुकूल होता. १८६० च्या तहाने निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके इंग्रजांकडे आले आणि सिरोंचा हे वरच्या गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे आमच्या वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीकडे लागले. मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यानेही या जलमार्गाचा जोराने पुरस्कार केला. पैसा मंजूर झाला आणि काम निघाले.

पण नदी सरळ नव्हती. तिच्या पात्रात खडकांचे तीन मोठे अडसर होते. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला, आणि तिसरा प्राणहितेवर, आजच्या अहेरी तालुक्यातल्या देवलमरीजवळ. प्रत्येक अडसराला बंधारा घालायचा, बाजूने कालवा खणायचा, कालव्याला पाणी चढवणारी-उतरवणारी दारे बसवायची, म्हणजे नाव खडक चुकवून पुढे जाईल, अशी ही योजना होती. जोवर कालवे पुरे होत नाहीत तोवर काय? तोवर प्रत्येक अडसरापाशी माल उतरवायचा, जमिनीवरून पलीकडे न्यायचा, पुन्हा नावेत चढवायचा. एका प्रवासात तीन वेळा उतरणे आणि तीन वेळा चढणे! आपले सूत्र येथे लावून पाहा. वाट तीनदा तुटली म्हणजे धक्के तीन, वखारी तीन, हमालांचे तांडे तीन, आणि पावसात भिजून कापूस सडण्याची भीतीही तिप्पट. त्यात पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात वाळू. नाव चालायची ती मधल्या काही महिन्यांतच. भोवती घनदाट जंगल, हिवतापाचा कहर, मजूर मिळेनात, मिळाले तर टिकेनात.

दुम्मागुडेमचा बंधारा आणि कालवा मात्र उभा राहिला. पुढची कामे अर्धवट असतानाच दुसरीकडून एक बातमी आली होती. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली आगगाडी नागपूरला पोचली. हिंगणघाटच्या कापसाला आता तीन अडसर ओलांडण्याचे कारण उरले नाही. एकदा डब्यात भरला की तो मुंबईच्या बंदरावरच उतरणार. १८७१ मध्ये सरकारने गोदावरीच्या जलमार्गाचे काम कायमचे थांबवले. लाखो रुपये नदीत गेले. सिरोंचाचे भाग्य ज्या वाहतुकीवर उजळायचे होते, ती आलीच नाही. उरले ते सागवानाचे तराफे. आलापल्ली-सिरोंच्याच्या जंगलातले लाकूड गोदावरीवरून राजमहेंद्रीकडे तरंगत जात राहिले, कारण लाकडाला वखार लागत नाही, ते स्वतःच नाव असते.

नदीकाठी धक्का बांधायचा आणि खनिजाच्या जोरावर तो भरभराटीला आणायचा, हा प्रयोग जेथे यशस्वी झाला त्या एका गावाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. तिच्यात आमच्या भंडाऱ्याच्या मातीशी एक दूरचे नाते दडलेले आहे.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात टेमर नदीच्या काठी मॉरवेलहॅम नावाचे लहानसे गाव आहे. समुद्र तेथून वीस-बावीस मैल लांब. पण भरतीचे पाणी तेथपर्यंत चढते, म्हणून मध्ययुगापासून टॅव्हिस्टॉकच्या मठाचा माल या घाटावर उतरे. खाणी मात्र वर पठारावर. जॉन टेलर नावाच्या तरुण इंजिनियरने १८०३ मध्ये टॅव्हिस्टॉकपासून कालवा काढायला घेतला. डोंगराच्या पोटातून सुमारे दीड मैलांचे भुयार खोदून तो १८१७ मध्ये खुला झाला. तरीही कालव्याचे टोक नदीपासून २३७ फूट उंचावर राहिले. तेव्हा उतारावर रूळ टाकले आणि पाणचक्कीच्या बळावर गाड्या खालीवर ओढल्या. म्हणजे येथेही वाट तुटलीच होती. पण एकदाच तुटली होती, आणि तुटलेल्या जागी माणसांनी धक्का नीट बांधून काढला.

त्या धक्क्याची रचना पाहण्यासारखी आहे. तांब्याचे खनिज मातीत मिसळू नये म्हणून ते ठेवायची जमीन फरसबंद केलेली. प्रत्येक खाणीचा ढीग वेगळा, कारण प्रत्येकाचा कस वेगळा आणि भाव वेगळा. वजन करायची जागा निराळी, कस पाहणाऱ्याचे घर निराळे. आणि एका बाजूला पाणचक्कीवर चालणारी मँगनीजची गिरणी. आसपासच्या खाणींतले मँगनीज तेथे दळत आणि लाकडी पिंपांत भरून गलबतावर चढवत. काचेचा हिरवट रंग घालवायला आणि कापड शुभ्र करण्याच्या चुन्याला ते लागे. उघड्यावर टाकले तर चालेल असे तांबे बाहेर, आणि भुकटी होऊन उडेल असे मँगनीज छपराखाली. मालाचा स्वभाव ओळखून वखार बांधण्याचा हा शहाणपणा आहे.

१८४४ मध्ये जवळच तांब्याचा प्रचंड साठा सापडला. डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स ही ती खाण. एका पौंडाचा भाग आठशे पौंडांपर्यंत चढला, यावरून लोकांना काय वेड लागले असेल ते समजावे. तिच्यातून एकंदर सात लाख टनांहून अधिक तांब्याचे खनिज निघाले. १८५८ मध्ये मोठी गलबते लागावीत म्हणून नवी गोदी खणली, खाणीपासून थेट घाटापर्यंत रूळ आणले. आणि दैवाचा खेळ असा की पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, टॅव्हिस्टॉकला आगगाडी आली. धक्का जितका परिपूर्ण झाला तितकाच तो अनावश्यक ठरू लागला. पुढे तांबे आटले, मग त्याच खडकातले सोमल विकून काही काळ निभावले, आणि १९०१ मध्ये खाण बंद पडली. गोदी गाळाने भरली. गिरणीत कबुतरे राहू लागली असतील. जवळजवळ सत्तर वर्षे त्या घाटाकडे कोणी पाहिले नाही. १९७० पासून लोकांनी गाळ उपसून, भिंती सावरून तेथे संग्रहालय उभे केले. आणि २००६ मध्ये कॉर्नवॉल व पश्चिम डेव्हनच्या खाणपरिसराबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेले.

आता योगायोग पाहा. मॉरवेलहॅमचा दिवा ज्या सुमारास विझला, त्याच सुमारास आमच्याकडे एक पेटला. १८९९-१९०० मध्ये मध्य प्रांतात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. तुमसर तालुक्यातले चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, बालाघाटजवळचे भरवेली ही त्यातली नावे वाचकांनी ऐकली असतील. तोवर जगाला मँगनीजचा मोठा उपयोग कळला होता. ते घातल्याशिवाय चांगले पोलाद होत नाही. काच पांढरी करणारी भुकटी आता तोफा आणि रूळ घडवू लागली होती. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर याने १९०९ मध्ये हिंदुस्थानच्या मँगनीजवर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात आमच्या या खेड्यापाड्यांचीच माहिती आहे.

ते खनिज कसे निघत होते? यंत्रे थोडी, हात पुष्कळ. पुरुष खडक फोडत आणि बाया हातोडीने दगड वेगळा करून, टोपलीत भरून डोक्यावरून वाहत. डेव्हन-कॉर्नवॉलमध्येही खाणीच्या तोंडाशी बसून खनिज फोडणाऱ्या बायाच होत्या. हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकींचे नाव-गाव ठाऊक नसताना, दोन देशांच्या बायांनी एकच काम केले. त्यांच्या हातांवरचे घट्टे मात्र कोणत्याही वखारीत साठवलेले नाहीत.

वैनगंगा या खाणींपासून फार लांब नाही. बावनथडी तर शेजारून वाहते आणि पुढे तिलाच मिळते. पण एकही टोपली नावेत पडली नाही. १८८० च्या सुमारास नागपूरहून पूर्वेकडे लोहमार्ग निघाला होता, आणि तो बंगाल-नागपूर रेल्वेच्या हाती जाऊन रुंद झाल्यावर मुंबई आणि कलकत्ता ही दोन्ही बंदरे जोडली गेली. तुमसर रोड स्थानकापासून खाणींकडे फाटा गेला. नदीकाठच्या धक्क्याऐवजी मालधक्का आला. ढीग तेथे पडू लागले, डबे तेथे भरू लागले.

तरी एक अडचण राहिली. मुंबई लांब, कलकत्ताही लांब, आणि मँगनीज म्हणजे सोने नव्हे. वजन फार, भाव थोडा. भाड्यातच नफा जाई. जवळचा समुद्र पूर्वेचा, आणि तेथे बंदर नाही. तेव्हा रायपूरहून विजयनगरमपर्यंत डोंगर कापून लोहमार्ग नेला, तो १९३१ मध्ये पुरा झाला, आणि विशाखापट्टणमला नवे बंदर बांधले. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी 'जलदुर्ग' हे पहिले जहाज तेथे लागले. हे बंदर ज्या मालाच्या भरवशावर उभे राहिले त्यात मध्य प्रांताचे मँगनीज प्रमुख होते. कॉटनने जे स्वप्न पाहिले होते, की वैनगंगेच्या खोऱ्यातला माल पूर्व समुद्राला उतरावा, ते पुढे खरे झाले, फक्त नदीवाचून. पाण्याची वाट खडकांनी तीनदा तोडली होती, रुळांची वाट डोंगर फोडून सलग झाली.

नदी आणि खनिज यांचे लग्न आपल्या मराठी मुलखाच्या शेजारी लागले ते गोव्यात. डिचोली, साखळी, सांगे या भागांतले लोहखनिज ट्रकने मांडवी-जुवारीच्या काठी यायचे, आमोण्यासारख्या घाटावर ढीग पडायचे, आणि तेथून बार्जमध्ये भरून मुरगावला बोटीवर चढायचे. मॉरवेलहॅमचीच पद्धत, फक्त हजारपट मोठी. पण गोव्याच्या घाटाला वखार नाही, छप्पर नाही. लोहखनिजाला काय, आभाळ पुरते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग काही काळ सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. पुढे लिलाव होऊन काही पट्ट्यांची हालचाल झाली. पण त्या मधल्या वर्षांत नदीला लागून नांगरलेल्या बार्जांच्या रांगा, कर्जात बुडालेले ट्रकमालक, आणि लाल धुळीचे ढीग यांनी दाखवून दिले की धक्का बंद पडतो तेव्हा एकटा पडत नाही. त्याच्यावर टेकलेली सगळी घरे हलतात.

येथे कोणी विचारील, मास्तर, जुन्या गोदामांच्या भिंतींचे एवढे कौतुक कशाला? माल गेला, वाट बदलली, भिंती पडल्या तर बिघडले काय? त्याला माझे उत्तर असे आहे. राजाचा किल्ला त्याच्या पराक्रमाची साक्ष देतो. वखार ही लोकांच्या श्रमाची साक्ष आहे. खाणीतला खड्डा पाण्याने भरतो, टोपली मोडते, मजूर मरतो. त्या सगळ्यांनी मिळून काय केले ते मोजून, तोलून, रचून ठेवण्याची जागा एकच होती. तीही गेली तर आमच्या तालुक्याच्या इतिहासात मालगुजार आणि साहेब उरतील, माणसे उरणार नाहीत. मॉरवेलहॅमच्या लोकांकडे आपल्यापेक्षा दगड जास्त भारी नव्हते. आपली फुटकी गिरणी सांभाळण्याजोगी आहे, एवढे त्यांना वेळेवर वाटले, इतकेच.

आणि वखार हा केवळ भूतकाळाचा विषय थोडाच आहे! आमच्या गोंदिया-भंडाऱ्यात धानाची खरेदी केंद्रे भरतात तेव्हा गोदाम अपुरे पडते, पोती ताडपत्रीखाली उघड्यावर राहतात, आणि अवकाळी पाऊस आला की शेतकऱ्याचे तोंड उतरते. तेंदूपानांचे तेच. ओझे उचलायला हात पुष्कळ आहेत, वाहायला गाड्या पुष्कळ आहेत. थांबायला सुरक्षित जागा नाही. मँगनीज दळून पिंपात भरणाऱ्यांना जे दोनशे वर्षांपूर्वी कळले होते, मालाचा स्वभाव पाहून छप्पर घाला, ते धानाच्या बाबतीत आपल्याला अजून पुरते वळलेले नाही.

दुम्मागुडेमचा बंधारा अजून उभा आहे. नावा त्याच्यावरून कधी फारशा गेल्या नाहीत. पण पाणी अडवण्याचे त्याचे काम संपलेले नाही. इकडे वैनगंगेवर गोसेखुर्दचे धरण झाले. १९८८ मध्ये त्याची कोनशिला बसली. नागझिऱ्याचा थेंब आता समुद्रापर्यंत सहज पोचत नाही, आणि पोचावा असा कोणाचा हट्टही नाही. तो वाटेतल्या शेतात मुरला तर बरेच आहे. चिखल्याच्या आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी मात्र चालू आहेत; १९६२ मध्ये स्थापन झालेली मँगनीज ओर इंडिया, म्हणजे आजची मॉयल, त्या चालवते. डोंगरीचे मँगनीज बॅटरीच्या कोरड्या घटात जाते, म्हणजे आपल्या हातातल्या विजेरीत आपल्याच जिल्ह्याची माती असू शकते.

या खाणीही एक दिवस आटतील; खाण म्हटली की आटायचीच. त्या दिवशी तेथले तोलकाटे, हजेरीची खोली, ढीग रचायची फरसबंदी आणि बायांनी वापरलेल्या हातोड्या भंगारात जाणार, की कोणी त्यांच्यावर एक छप्पर घालणार, हे आज ठरवायचे आहे. आटल्यावर ठरवायला बसलो तर उशीर झालेला असेल. मॉरवेलहॅमला गाळ उपसायला सत्तर वर्षे लागली, आणि तेथे निदान उपसण्याजोगी गोदी तरी शिल्लक होती.